उभ्याने काढलेला फोटो

१

सोमवारी सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं, तर माझ्या टेबलावर वर्तमानपत्र उलगडून ठेवलेलं होतं आणि पहिल्याच पानावर सरदार माकाहोईंच्या डोक्यावरचा भोवरा होता.

केसांचा भोवरा. डावीकडून उजवीकडे वळत गेलेला, मध्ये जरा विरळ. मी नुकुअलोफात, आमच्या बेटांच्या राजधानीत, जन्मले, इथेच वाढले आणि नऊ वर्षं सरकारी खात्यात फोटो काढतेय, पण कुठल्याही सरदाराचा भोवरा मी आजवर पाहिलेला नव्हता. पाहणार तरी कशी? सरदार खाली बसले की आम्ही त्यांच्याहून खाली. फोटोवालीही मांडी घालूनच बसते, जागा बदलायची तर कॅमेरा छातीशी धरून बुडावर सरकते. म्हणूनच आमच्या खात्याच्या फोटोंत सरदारांच्या नाकपुड्या असतात, त्यांच्या मागे छत असतं आणि छताचे पंखे.

या फोटोत छत नव्हतं. सरदार होते, त्यांच्या पुढ्यात कावाचं, म्हणजे मुळं कुटून केलेल्या आमच्या मानाच्या पेयाचं, लाकडी पातेलं होतं, त्यांच्याखाली अंथरलेली चटई चारी कोपऱ्यांसकट दिसत होती. फोटोखाली बारीक अक्षरांत आमच्या खात्याचं नाव.

"लुसेआने, आत ये," संचालक मानासेसाहेबांनी बोलावलं. "आणि दार लाव."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. शनिवारचा कार्यक्रम, माकाहोईंच्या सरदारकीला पंचवीस वर्षं झाल्याचा. एकशे सत्याऐंशी नंबरचा फोटो. वेळ अकरा वाजून बारा मिनिटं. कॅमेरा माझा.

"तू उभी राहिलीस?"

"नाही, साहेब."

"मग कॅमेरा स्वतःच उभा राहिला?"

 मी पडद्याकडे बघत राहिले. तो फोटो मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो माझाच होता.

"सरदारांचं पत्र आलंय," साहेब म्हणाले. "आपल्या डोक्यावर कोण उभं राहिलं, ते नाव त्यांना शुक्रवारपर्यंत हवंय. नाव नाही मिळालं तर खात्याने डुकरं आणि चटया घेऊन गावात जायचं, माफी मागायची, आणि तू राजीनामा द्यायचा."

टेबलाच्या कोपऱ्यात मला कायम करायचा कागद पडला होता. वरिष्ठ छायाचित्रकार म्हणून सहा महिने परीक्षेवर, मग कायम. खात्यात या जागेवर याआधी बाई नव्हती. कागदावर फक्त साहेबांची सही राहिली होती.

"लेखी दे. शनिवारी दहा ते एक तू जागेवरच होतीस ना?"

मी लिहून दिलं, हो, पूर्ण वेळ.

ते खोटं होतं.

२

अकरा वाजून पाच मिनिटांनी मी कॅमेरा माझ्या बसायच्या चटईवर ठेवला होता आणि वाकून, जवळजवळ रांगत, मांडवाच्या मागे गेले होते. मागे नारळीखाली आमची व्हॅन उभी होती. व्हॅनमध्ये माझी चार महिन्यांची तिसी होती, आणि तिला मांडीवर घेऊन माझी नणंद, आतेलाइते.

बोलावणं वन्संचंच आलं होतं, फोनवर. "पोरगी रडतेय."

"वन्सं, सरदारांचा कावा चाललाय. अर्धा तास थांबा ना."

"सरदार थांबतील. माझी भाची थांबणार नाही."

आता वन्संना नाही कोण म्हणणार? आमच्याकडे भावाच्या घरात बहिणीचा शब्द शेवटचा. बहिणीपुढे माझा नवरा मान वर करत नाही. गेल्या महिन्यात त्या आल्या, घरात उकडतंय म्हणाल्या, आणि जाताना आमचा नवा पंखा छताच्या हुकावरून उतरवून घेऊन गेल्या. नवऱ्याने तो त्यांच्या गाडीत नेऊन ठेवला आणि वर वायरही गुंडाळून दिली.

तर मी गेले. तिसीने तोंड लावलं आणि पाच मिनिटांत झोपली. मीही झोपले असणार, कारण डोळे उघडले तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. परत येऊन पाहिलं, कॅमेरा होता तिथेच होता. मी कामाला लागले.

चार महिने मी दोन तासांपेक्षा जास्त सलग झोपलेली नाही. एकदा साखरेचा डबा फ्रीजमध्ये ठेवून दूध कपाटात ठेवलं होतं. सोमवारी दुपारपर्यंत मला खरंच वाटायला लागलं की तो फोटो मीच काढला असेल. उठले असेन, काढला असेल, विसरले असेन. आणि व्हॅनमधली ती वीस मिनिटं मी स्वप्नात पाहिली असतील.

३

मंगळवारी साहेबांनी पाएआकाकांना बोलावून घेतलं. माझ्या आधी तेवीस वर्षं काका या जागेवर होते. जमिनीवर बसून बसून त्यांच्या दोन्ही घोट्यांना घट्टे पडलेत, एखाद्या नाण्याएवढे. पोलिसांत जायचं तर गावभर बोभाटा, म्हणून काका.

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उलटा धरला.

"काठीला कॅमेरा बांधून वर केला असेल का?" मी विचारलं.

"बटण कोणी दाबलं असतं? आणि काठीवरचा फोटो असा बसत नाही. हा माणसाच्या डोळ्यातून काढलाय. उभ्या माणसाच्या. उंची साधारण तुझ्याएवढी." ते माझ्याकडे बघून हसले. मला हसू आलं नाही.

सगळ्यात आधी त्यांनी डग्लसला बोलावलं. डग्लस न्यूझीलंडहून आलेला सल्लागार, गोरा, उंच. ऑफिसात सगळ्यांचा संशय त्याच्यावरच, कारण गोरी माणसं कुठेही उभी राहतात.

"मी उभा?" डग्लसचा चेहरा पडला. "काका, मी तीन तास मांडी घालून बसलो होतो. माझा उजवा पाय रविवारी संध्याकाळी परत आला."

"पुरावा?"

"फोटोतच बघा ना. डावीकडे."

खरंच, डाव्या कडेला तो होता, दात आवळून बसलेला.

"सुटलास," काका म्हणाले. "पाय चोळत जा."

मग फोलाऊ, आमचा व्हिडिओवाला. त्याचं आणि माझं फारसं जमत नाही. ही जागा त्याला हवी होती.

"मला विचाराल तर बाळंतपणातून उठलेल्या बाईला सरदारांच्या कार्यक्रमाला पाठवायचंच नव्हतं," तो म्हणाला.

"तुला विचारलं नाही. अकरा बाराला तू कुठे होतास?"

"माझ्या कॅमेऱ्यामागे. त्याला सोडून मी हलत नाही. इतरांचं मला माहीत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. काकांनी फोटोत बोट ठेवलं. कावाच्या पातेल्यापलीकडे बुटक्या तिपाईवरचा व्हिडिओ कॅमेरा होता, आणि त्यावर फोलाऊचा हात. मनगटावरचं त्याचं लाल घड्याळसुद्धा ओळखू येत होतं.

शेवटी कालो आली. कालोलाइने, आमची फोटोंखालची नावं लिहिणारी मुलगी. मुलगी कसली, तीस वर्षांची आहे, पण ऑफिसात चहा तीच करते आणि शेवटच्या खुर्चीत बसते, म्हणून मुलगी. वर्षभरापूर्वी वावाऊ बेटावरून आली. कमी बोलते.

"मी बायकांमध्ये बसले होते, काका. कोणाचं नाव काय, ते उतरवून घेत होते."

"कोणी उभं राहिलेलं पाहिलंस?"

कालो जरा थांबली. "मर्यादा सोडून कोणी उभं राहिलं नाही."

काकांनी मान डोलावली. मीही डोलावली. नंतर त्या उत्तरावर आम्ही दोघं आपापल्या कपाळावर हात मारणार होतो.

४

बुधवारी काका माकाहोईंच्या गावी जाऊन आले. संध्याकाळी पाच वाजता माझ्या टेबलापुढे बसले.

"चाळीस माणसांना विचारलं. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना, कावा वाटणाऱ्यांना, चटया उलगडणाऱ्या बायकांना. सरदारांपुढे कोणी उभं राहून अपमान केला का? चाळीसच्या चाळीस म्हणाले, नाही. सरदारांना प्याला द्यायची हाक झाली तेव्हा बऱ्याच माना खाली होत्या, ते ठीक. पण सगळ्यांच्या?"

"मग फोटो?"

"फोटो आहे. त्या मागच्या रांगेतूनच काढलेला आहे. आणि तिथे कोणीही उभं राहिलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "लुसेआने, मी फोलाऊचा व्हिडिओ पाहिला. चित्र नुसतं पातेल्याचं आणि प्याल्यांचं आहे, पण आवाज आहे. प्रत्येक प्याल्याला तुझ्या कॅमेऱ्याचा खटका ऐकू येतो. अकरा पाच ते अकरा पंचवीस एकच खटका आहे. एकच. तू काम करत असतीस तर तीस असते."

मी टेबलावरचे कागद सरळ केले.

"तू तिथे नव्हतीस."

मी सांगितलं. व्हॅन, वन्सं, तिसी, झोप, सगळं. 

"हे साहेबांना का नाही सांगितलंस? तू सुटली असतीस."

"काका, बाई कामावर मूल पाजायला निघून गेली, असं सगळ्या खात्यात झालं असतं. मग कागदावर सही झाली असती?"

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "म्हणजे उभी राहिलीस म्हटलं तरी जागा जाते, आणि नव्हतीस म्हटलं तरी जाते."

"हो."

"छान अडकलीस," ते म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता.

५

गुरुवारी सकाळी काका आमच्या घरी आले. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून चार रताळी घेऊन आले. मला म्हणाले, आता तुझ्या घरापासून सुरू करू, बाकीचे सगळे रस्ते बंद झालेत. मी तिसीला खांद्यावर घेऊन चहा ठेवला. काका घाम पुसत छताकडे बघत होते. तिथे एक हूक होता आणि हुकाला काहीच नव्हतं.

"घरात चोरीबिरी झाली का मध्यंतरी?" त्यांनी सहज विचारलं.

"नाही हो."

"काही गेलंय घरातून?"

"काहीच नाही."

"मग पंखा?"

"तो वन्सं घेऊन गेल्या."

"न विचारता?"

"वन्सं कशाला विचारतील?"

काकांच्या हातातला रुमाल थांबला. "लुसेआने, मी तुला दोनदा विचारलं. तू दोनदा नाही म्हणालीस. आणि पंखा नाहीये."

"पण ती काय चोरी आहे का? नवऱ्याची बहीण..."

 आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो.

"ती चाळीस माणसं खोटं बोलली नाहीत," काका हळूच म्हणाले. "मी चुकीचं विचारलं. अपमान केला का, असं विचारलं. अपमान कोणी केलाच नाही. उभं राहणारं माणूस होतं, पण त्याचं उभं राहणं कोणी मोजलंच नाही. सरदारांच्या डोक्यावर कोण उभं राहू शकतं?"

"त्यांची बहीण," मी म्हणाले. "नाहीतर बहिणीची मुलं."

"माकाहोईंना बहीण आहे?"

मला माहीत नव्हतं. पण शनिवारचं एक दृश्य मला आठवलं. जेवणानंतर सरदारांची माणसं आमच्या व्हॅनपाशी आली होती. सगळ्यात मोठं भाजलेलं डुक्कर आणि झाडाच्या सालीच्या कापडाची गुंडाळी घेऊन. मला वाटलं, ऑफिसला दिलं. त्यांनी ते कोणाच्या पायापाशी ठेवलं होतं?

चहा करणाऱ्या, शेवटच्या खुर्चीतल्या मुलीच्या.

६

कालोने आढेवेढे घेतले नाहीत. ऑफिसच्या मागच्या पायरीवर आम्ही तिघं बसलो. जवळच बाबागाडीत तिसी होती, कारण त्या दिवशी वन्संना चर्चच्या कामाला जायचं होतं.

"सरदार माझे मामा," कालो म्हणाली. "आई त्यांच्याहून मोठी. तिने शाळामास्तरांशी लग्न केलं, वावाऊला गेली. इथे ऑफिसात कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चहा करणारीचा मामा सरदार आहे म्हटलं तर लोक चहा प्यायचे नाहीत."

"आणि फोटो?"

"आई दोन महिने अंथरुणावर आहे. घरात एक चटई होती, नावाची. आईच्या आजीने विणलेली, तिचं नाव 'वारा थांबला'. मामांनी जपायला नेली होती. आई म्हणाली, पंचवीस वर्षांच्या कार्यक्रमाला तीच अंथरतील, मला ती एकदा बघायची आहे. माझ्या फोनची काच फुटलेली. तुझा कॅमेरा तिथे पडलेला होता. बसून चटईची नुसती कड दिसते, म्हणून उठले. एक फोटो काढला, खाली बसले. तुझ्याकडून मागून घेणार होते."

"मग मागितला का नाहीस?"

"ती चटई 'वारा थांबला' नव्हती."

तिने मांडीवर बोटाने चौकोन काढला. "आमच्या चटईला चारी बाजूंनी लाल पिसं आहेत, एका कोपऱ्यात जळल्याचं ठिगळ आहे. खाली होती ती बाजारातली. असला फोटो आईला कसा दाखवणार? मी गप्प बसले. आणि सोमवारी बघते तर तो पेपरात. ऑकलंडच्या आमच्या नात्यातल्या म्हाताऱ्या बायकांनी आईला फोन करून विचारलं, खरी चटई कुठे आहे."

आता सरदारांचा राग मला कळला. डोक्याचं फक्त निमित्त होतं. त्यांना लोकांची नजर त्यांच्या भोवऱ्यावर हवी होती. चटईवर नको.

"मंगळवारी काकांनी विचारलं तेव्हा बोलायला हवं होतं मी," कालो म्हणाली. "पण उभी राहिले म्हणून सांगितलं असतं तर का उभी राहिलीस, हेही सांगावं लागलं असतं. तुझ्या राजीनाम्याचं मला कालच कळलं. शप्पथ."

"पण पेपरला पाठवला कोणी?" मी विचारलं. "तू नाहीस. फोलाऊ? डग्लस?"

काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. आमच्या यंत्रातली नोंद होती. शनिवार, दुपारी तीन चाळीस. फोटो पाठवले: तीनशे बारा.

"पेपरला किती पाठवतो आपण?" त्यांनी विचारलं.

"निवडलेले चाळीस."

"शनिवारी तीनशे बारा गेले. सगळेच्या सगळे. कोणाच्या नावावरून, ते वाच."

माझं नाव होतं. आणि मग मला ती दुपार दिसली. तिसी मांडीवर, तिची मूठ माझ्या केसांत, एका हाताने माऊस धरलेला, आणि 'निवडलेले पाठवा'च्या जागी 'सगळे पाठवा' दाबलं. मी तपासलंही नाही. जो फोटो मी काढला नव्हता आणि बघितलाही नव्हता, तो जगाला मीच दाखवला होता.

"म्हणजे चोर कोणीच नाही," मी म्हणाले.

"हो. आणि गोंधळ केवढा झाला." काका गुडघ्यावर हात टेकत उठले. "उद्या शुक्रवार."

कालो माझ्या आधी उठली. "उद्या कशाला? मी आत्ताच जाते मामांकडे."

७

तिथे काय झालं ते कालोने मला शुक्रवारी सकाळी सांगितलं, चहाचे कप विसळत.

ती आत गेली तेव्हा सरदार खुर्चीत होते. ती म्हणाली, मामा, तुमच्या डोक्यावर मी उभी होते. सरदार खुर्चीतून उतरून जमिनीवर बसले. भाचीला ते काय बोलणार? तिने विचारलं, चटई कुठे आहे. ते उठले. मग आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. समुद्राचं पाणी घरात शिरलं होतं त्या वर्षी चटई भिजली. त्यांनी छपरावर वाळवली, तर ती हातात तुटून आली. मोठ्या बहिणीला कसं सांगायचं, म्हणून तीन वर्षं त्यांनी काहीच सांगितलं नाही. तुकडा मात्र एकही टाकला नाही.

"रडले का?"

"सरदार कुठे रडतात," कालो म्हणाली. "नाक पुसत होते. आईला फोन लावून दिला मी. आई म्हणाली, गाढवा, तुकडे घेऊन ये, पिसं तरी दिसतील. आज दुपारच्या बोटीने ते निघतायत."

दहा वाजता सरदारांचं दुसरं पत्र आलं, दोन ओळींचं. तक्रार राहिलेली नाही.

मानासेसाहेब खुशीत होते. "झालं तर. तुझ्यावर काही नाही. सोमवारचं तुझं लेखी आहेच, पूर्ण वेळ जागेवर होतीस. मी सही करून टाकतो." त्यांनी माझा कागद पुढे ओढला.

पेनाचं टोपण निघालं होतं. मी गप्प राहिले असते तर काका बोलले नसते. कालो तर नाहीच.

"साहेब, ते लेखी खोटं आहे," मी म्हणाले आणि दुसरा कागद पुढे ठेवला. रात्री लिहिला होता. वीस मिनिटं जागेवर नव्हते, मुलीला पाजत होते. तीनशे बारा फोटो माझ्या हातून गेले. दोन्ही चुका माझ्या.

साहेबांनी तो वाचला. परत वाचला. बाहेर फोलाऊच्या खुर्चीचा आवाज आला आणि थांबला.

"यावर मी तुला ताकीद देणार," ते शेवटी म्हणाले. "खोटं लिहिल्याबद्दल, आणि न तपासता पाठवल्याबद्दल. लेखी."

"हो, साहेब."

"आणि पाजल्याबद्दल काय लिहू?"

"काही लिहू नका. पुढच्या बुधवारी बंदराचा कार्यक्रम आहे ना, त्याच्या वेळापत्रकात लिहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या भिंतीवरच्या त्यांच्या बायकोच्या आणि पाच मुलांच्या फोटोकडे. तो पाएआकाकांनी काढलेला, त्यात अर्थातच छत आहे. मग त्यांनी बुधवारचा तक्ता ओढला. दहा वाजता प्रार्थना, साडेदहाला भाषणं, अकराला फीत कापणं. त्यांनी अकरावर काट मारली आणि तिथे लिहिलं, अकरा ते अकरा वीस, चहापान. फीत कापणं साडेअकराला ढकललं.

"वीस मिनिटं पुरतात ना?" त्यांनी विचारलं.

"झोप लागली नाही तर पुरतात, साहेब."

त्यांनी वीसवर काट मारून तीस केलं. मग मला कायम करायचा कागद घेतला, त्यावर सही केली, आणि तो आणि माझं नवं लेखी शिक्का मारायला कालोकडे पाठवून दिले.